आण्णांना स्वादुपिंडाची सूज, डॉक्टर सीटी पाचव्या दिवशी म्हणतायत, थांबू का?

तासगावकर: आण्णा (वय ५८) परवा रात्री जेवून उठले आणि बेंबीच्या वर दुखायला लागलं, कळ पार पाठीपर्यंत, आडवं होता येईना, पोटाशी उशी धरून वाकून बसलेले रात्रभर. मिरजेला आणलं, लायपेज (स्वादुपिंडाची रक्ततपासणी) १४०० आलं, ॲक्यूट पॅनक्रियाटायटिस म्हणाले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले पण गॅसमुळं स्वादुपिंड नीट दिसलं नाही. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.९ आहे, म्हणजे वाढलेलं. इकडं चुलते म्हणतायत आजच सीटी करा नाहीतर पुण्याला हलवू. उशीर तर होत नाही ना?

मिरज सीटीरूम: दादा, मी सीटीवरच काम करतो. ठरावीक दुखणं, लायपेज नॉर्मलच्या तिपटीच्या वर आणि स्कॅनमध्ये दिसणं, या तिन्हीतलं दोन जुळलं की निदान झालं, आण्णांचं जुळलंय. पहिल्या दिवशीची सोनोग्राफी मुख्य खड्यांसाठीच असते, ते काम झालं. सीटीत शिरेतून कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध) सोडला की स्वादुपिंडाचा जिवंत भाग उजळतो आणि मेलेला काळपट राहतो, पण हा फरक उमटायला तीन-चार दिवस जातात, त्याआधी केला तर नुसती सूज दिसते. त्यात १.९ क्रिएटिनिनला कॉन्ट्रास्ट द्यायचा म्हणजे किडनीचं बघावं लागतं. पण पोट दगडासारखं कडक झालं, बीपी पडला, आतडं फुटल्याची शंका आली तर मात्र लगेच करतात.

कोरेगावची सूनबाई: आमच्या ह्यांच्या वेळी साताऱ्यात आम्हीच हट्टानं पहिल्या दिवशी सीटी करायला लावला, फक्त सूज आली म्हणून गावाकडं सगळ्यांना फोन करून सांगितलं. आठवडा गेल्यावर ताप हटंना, परत सीटी, तर स्वादुपिंडाजवळ साठलेल्या पाण्यात हवेचे बुडबुडे दिसले म्हणजे इन्फेक्शन, मग ते पाणी काढायला सोनोग्राफीत बघत बघत नळी घातली. तो पहिला रिपोर्ट धरून आम्ही निवांत बसलो होतो हो. तापावर लक्ष ठेवा भाऊ.

वाळव्याचा: डोळे पिवळे झालेत का? बिलिरुबिन (काविळीची रक्ततपासणी) विचारा. पित्तनळीत खडा अडकल्याची शंका असली तर एमआरसीपी (पित्तनळीचा एमआरआय) करतात, त्याला कॉन्ट्रास्ट टोचावा लागत नाही.

तासगावकर: डोळे पिवळे नाहीत, बिलिरुबिन १.१. सलाईन चालूय, लघवी चांगली होतेय, आज क्रिएटिनिन १.४ वर आलं. चुलत्यांना हे सगळं वाचून दाखवलं, पुण्याचं थांबवलंय. गुरुवारी सीटी आहे, रिपोर्ट आला की टाकतो.