बंधाऱ्यावरून वाहणाऱ्या उथळ पाण्याचा जोर आणि त्याची मोजणी

प्रश्न : वेदगंगाकाठ

मी निपाणी परिसरातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज हे दूधगंगा-वेदगंगेवरचे बंधारे पावसाळ्यात पाण्याखाली जातात आणि पूर ओसरू लागला, की गुडघाभर पाण्यातून दुचाकी काढण्याचा मोह अनेकांना होतो. द्रवाचा दाब खोलीनुसार वाढतो असे पुस्तकात आहे. मग फूटभर पाण्यात माणसाला पाडण्याइतका जोर कुठून येतो, असे विद्यार्थी विचारतात. शिवाय, पाणी अडवण्यासाठी बरगे (बंधाऱ्याच्या खांबांमध्ये बसवायच्या फळ्या) घातल्यानंतर बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला नदी उथळ वाहते, तेथे प्रवाह मोजण्याचा प्रकल्प विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा असे मनात आहे. उथळ पाणी मोजायला सोपे असते, असे धरून चालावे का?

उत्तर : स्थापत्य_बेळगाव

सर, स्थिर पाण्याचा दाब आणि वाहत्या पाण्याचा रेटा वेगळे ठेवले, की विद्यार्थ्यांची अडचण सुटते. रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३० सेंटिमीटर खोलीचे पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने वाहत असेल, तर एक मीटर रुंदीच्या आडव्या अडथळ्यावर साधारण ६०० न्यूटन, म्हणजे सुमारे ६० किलो वजनाइतका रेटा येतो. वेग ३ मीटर झाला, की तोच आकडा १,३५० न्यूटनच्या घरात जातो. खोली तेवढीच राहिली, तरी जोर दुपटीहून अधिक झाला.

यापुढची गोष्ट उथळ पाण्याची खास आहे. पाण्याच्या खोलीपेक्षा खूप लांब असलेल्या लाटेचा वेग गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका असतो. चार हजार मीटर खोल महासागरात त्सुनामी ताशी सुमारे ७०० किलोमीटर वेगाने धावते, ती याच सूत्राने; ३० सेंटिमीटर पाण्यासाठी मात्र हा वेग सेकंदाला जेमतेम १.७ मीटर येतो. प्रवाह स्वतःच त्याहून वेगवान असेल, तर अडथळ्याची चाहूल वरच्या बाजूच्या पाण्यापर्यंत पोहोचत नाही, पाणी आधीपासून वाट बदलत नाही आणि थेट येऊन आदळते. सेकंदाला २ मीटर वेगाचे पाणी अडले, की ते सुमारे २० सेंटिमीटर वर चढू शकते, त्यामुळे काठावरून फूटभर दिसणारे पाणी पायांशी दीड फूट होते. प्रवाहाचा वेग आणि या लाटेचा वेग यांच्या गुणोत्तराला फ्रूड संख्या म्हणतात. ती एकच्या वर गेली, की प्रवाहाचे वागणेच बदलते.

चारचाकीची तऱ्हा आणखी निराळी आहे. गाडीचा तळ ५ चौरस मीटरचा धरला, तर तळाच्या वर चढणारे दर १० सेंटिमीटर पाणी गाडीला सुमारे ५०० किलोने हलके करते. चाकांची पकड वजनावर अवलंबून असते, म्हणून आत पाणी शिरण्याआधीच गाडी आडवी सरकू लागते.

उत्तर : कृष्णाकाठ_चिकोडी

वरच्या उत्तरात बंधाऱ्याच्या पायथ्याचा उल्लेख राहिला आहे. वरून वेगाने कोसळणारे पाणी खालच्या संथ पाण्यात शिरते तेथे उसळी निर्माण होते, तिला हायड्रॉलिक जम्प म्हणतात. खालची पातळी थोडी वाढून ही उसळी बुडाली, की पृष्ठभागावरचे पाणी उलटे बंधाऱ्याकडे वाहू लागते. त्यात सापडलेला माणूस पुन्हा पुन्हा भिंतीकडे खेचला जातो, आणि पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असल्याने तो नेहमीसारखा तरंगतही नाही. बचावाची होडीसुद्धा त्या ओढीत सापडते. वरून हे सारे शांत दिसते, म्हणून मुलांना ते आकृती काढून समजावून सांगावे.

उत्तर : नदीमापन

मोजणी सोपी असेल हे गृहीतक मात्र टिकणार नाही. खोल नदीत तळाचा परिणाम वरच्या थरांत तितका जाणवत नाही. उथळ पाण्यात घर्षण पृष्ठभागापर्यंत पोहोचते आणि प्रत्येक दगड प्रवाह वळवतो. खोली २० सेंटिमीटर असताना मोजपट्टी २ सेंटिमीटरने चुकली, तर प्रवाहाच्या आकड्यात किमान १० टक्के चूक होते. ध्वनिलहरींनी खोली मोजणारी यंत्रेही येथे अडखळतात. गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो, म्हणून अर्धा मीटर खोलीवरून प्रतिध्वनी एक सहस्रांश सेकंदाच्या आतच परततो. तेवढ्यात यंत्राचे स्वतःचे कंपनही थांबलेले नसते, आणि तळ व पृष्ठभाग यांच्यात उसळणारे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. त्यामुळे खुणा केलेली काठी आणि दोरी हीच साधने अधिक भरवशाची आहेत.

वेगमापक मिळाला, तर उथळ जागी पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ पट अंतरावर एकच वाचन घेतात. तो नसल्यास तरंगत्या वस्तूचा वेग मोजून ०.८५ ने गुणण्याची पद्धत आहे, परंतु खडबडीत तळावर हा गुणक आणखी कमी धरावा लागतो.

वेदगंगाकाठ

तिघांचेही आभार. दाब आणि रेटा यांतला फरक आता वर्गात मांडता येईल. मोजणीसाठी बंधाऱ्यालगतची जागा घेतली तर चालेल का?

उत्तर : स्थापत्य_बेळगाव

कृपया ती जागा टाळावी. पुराच्या ऐन भरात खांबांभोवती आणि काँक्रीटच्या फरशीच्या टोकाशी भोवऱ्यांमुळे तळ खोल खरवडला जातो, आणि पूर ओसरताना तो खड्डा सैल गाळाने पुन्हा भरतो. काठीला तळ लागला असे वाटते, पण पाय मात्र रुततो. पाया उघडा पडल्याचे पूर गेल्यावर दिसत नाही, ही अभियंत्यांचीही मोठी अडचण आहे. बंधाऱ्यापासून बरेच खाली, जेथे पात्र सरळ व तळ घट्ट आहे आणि दोन्ही काठांवर दोरी ताणता येते, अशी जागा निवडावी. त्या दिवशी बरगे काढले जाणार नाहीत ना, हे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्यांकडे आदल्या दिवशी विचारून घ्यावे, आणि पाण्यात मोठ्यांनीच उतरावे. विद्यार्थ्यांना नोंदी घेण्यासाठी काठावर ठेवावे.