मारहाणीचा पुरावा नाही, तरी संरक्षण आदेश मिळेल का?

थोरली, कराड: धाकटी बहीण पुण्याचं सासर सोडून माझ्याकडे राहते. आता मारहाण नाही, पण नवरा तिच्या कामाच्या दुकानासमोर गाडी लावून बसतो, नवनव्या नंबरांवरून फोन करतो. पोलीस तक्रार नाही, दवाखान्याचा कागद नाही. कोर्ट ऐकेल का? की पुण्यालाच जावं लागेल?

सातारचा वकील: ताई, पुण्याला जायची गरज नाही. ती सध्या राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ खाली अर्ज चालतो. मानसिक, शाब्दिक, आर्थिक छळही त्यात हिंसाच आहे. शपथपत्रावरून छळ प्रथमदर्शनी दिसला, किंवा होण्याची शक्यता दिसली, तर कलम २३ नुसार नवऱ्याचं म्हणणं न ऐकताही अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा, संरक्षण आदेश (तिला भेटू नको, फोन करू नको असा) देता येतो. म्हणून ‘त्रास देतो’ एवढ्यावर भागवू नका. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, कोणी पाहिलं, सगळं लिहा. कॉलची नोंद पुसू नका.

माजी समुपदेशक: याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा, घटनेचा अहवाल ते करून देतात. विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो, बाईचं उत्पन्न विचारत नाहीत.

थोरली, कराड: आणि आदेश मोडला तर?

सातारचा वकील: लगेच पोलिसांत. कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा अजामीनपात्र. पाठलागाची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली वेगळी, ती आजही देता येते. थांबू नका.