'कोल्यूजन' : संगनमत, साटंलोटं की नुसती देखादेखी?

शब्दओढ
अमेरिकेतल्या एनएफएलचे (हेल्मेट घालून खेळतात तो अमेरिकन फुटबॉल) ३२ संघ खेळाडूंचे पगार दाबून ठेवायला आतून एक झाले होते का, या वादावरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. मूळ शब्द 'कोल्यूजन'. आपल्या वर्तमानपत्रांत संगनमत, साटंलोटं, मिलीभगत, हातमिळवणी हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. इथे नेमका कुठला बसेल? आणि 'सॅलरी कॅप'ला 'पगारबंदी' म्हटलेलं चालेल का?

ताळेबंद
पगारबंदी नको. दारूबंदी, नसबंदी, नाकाबंदी. 'बंदी' म्हटलं की गोष्ट थांबली. इथे पगार थांबत नाहीत, संघाच्या एकूण पगारखर्चाला वरची रेघ असते. 'संघाची पगारमर्यादा' लिहा. 'संघाची' हा शब्द गाळू नका, नाहीतर दर खेळाडूला मर्यादा आहे असा समज होतो. १९९४ साली ही रेघ ३.४६ कोटी डॉलरवर होती, २०२५ साली २७.९२ कोटींवर. मुख्य म्हणजे ती खेळाडूंच्या संघटनेशी करार करून ठरते, म्हणून तिला कोल्यूजन म्हणत नाहीत. ठरलेल्या रेघेच्या आत मालकांनी आपसांत दुसरी, न सांगितलेली रेघ आखली, की वाद सुरू होतो.

आडवाट
साटंलोटं इथे चुकेल. मूळ अर्थ लग्नातला: आमची मुलगी तुमच्याकडे, तुमची आमच्याकडे. दोन पक्ष आणि देवाणघेवाण, दोन्ही हवंच. अधिकारी आणि ठेकेदार यांचं साटंलोटं असतं, कारण एकाला कंत्राट मिळतं, दुसऱ्याला पाकीट. ३२ मालक एकमेकांना काही देत नाहीत. ते सगळे मिळून तिसऱ्याला कमी देतात. बाजार समितीत व्यापारी ठरवून कांद्याची बोली चढू देत नाहीत, त्याच जातीची ही गोष्ट. तिला आपण 'संगनमत' म्हणतो. लिलावाच्या बोलीत 'रिंग केली' असंही म्हणतात, आणि तो शब्द मला इथे फार नेमका वाटतो.

मिलीभगत हिंदीतून आलेला. चालतो, पण गरज नाही.

पारडं
संगनमतच बरोबर. पण एनएफएलच्या प्रकरणात खरी मेख पुढे आहे, आणि अनुवादात ती हरवली तर अख्खा वाद हरवेल.

मार्च २०२२ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सने डेशॉन वॉटसनला ५ वर्षांचा २३ कोटी डॉलरचा करार दिला, तोही संपूर्ण हमीचा. एनएफएलमध्ये हे अप्रूप आहे. तिथे कराराचा आकडा मोठा छापून येतो, पण खेळाडूला मधेच काढलं तर हमी नसलेली रक्कम मिळत नाही. वॉटसन क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचा डाव चालवणारा खेळाडू. इतर नामवंत क्वार्टरबॅकनाही तशीच पूर्ण हमी मिळेल अशी अपेक्षा होती, ती फळली नाही. लमार जॅक्सनचा २०२३ मधला करार २६ कोटींचा, हमी १८.५ कोटींची. खेळाडूंच्या संघटनेने २०२२ च्या ऑक्टोबरमध्येच संगनमताची तक्रार केली होती. जानेवारी २०२५ मध्ये लवाद क्रिस्टोफर ड्रोनी यांनी ६१ पानी निर्णय दिला. लीगच्या व्यवस्थापनाने, आयुक्त रॉजर गुडेल यांच्या संमतीने, मालकांना हमी कमी करायला उद्युक्त केलं, हे ड्रोनी यांनी मान्य केलं. पण संघ त्यात प्रत्यक्ष सामील झाले, हे सिद्ध झालं नाही असंही म्हटलं.

म्हणजे आवतण गेलं, पंगत बसल्याचा पुरावा नाही. 'संगनमत सिद्ध झालं' किंवा 'संगनमत नव्हतंच', दोन्ही मथळे चूक. 'संगनमतासाठी चिथावणी दिली, संगनमत सिद्ध नाही' असं दोन तुकड्यांत लिहावं लागेल.

शब्दओढ
पण चिथावणीनंतर संघ तसेच वागले असतील, तर आणखी काय सिद्ध करायचं उरतं?

पारडं
इथेच 'देखादेखी' हा आपला शब्द कामाला येतो. शेजारच्या दुकानदाराने भाव वाढवला म्हणून मीही वाढवला, ही देखादेखी. दोघांनी बसून ठरवलं तर संगनमत. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. शिवाय हमी टाळायला संघाकडे स्वतःचं कारणही असतं. पुढच्या वर्षांच्या हमीची बरीचशी रक्कम आधीच वेगळी ठेवावी लागते, तेव्हा रोकड अडकते. एनएफएलच्या सामूहिक कराराचं (लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला करार) १७ वं कलम तर स्पष्टच सांगतं: एखाद्या खेळाडूला कोणी बोली लावली नाही आणि तो चांगला खेळतो, एवढ्याने संगनमत सिद्ध होत नाही. दुवा दाखवावा लागतो: बैठक, संदेश, टिपणं. पुराव्याचं पारडं तक्रारदाराकडे स्पष्टपणे झुकायला हवं. फौजदारीतलं 'वाजवी संशयापलीकडे' इथे वापरू नका, ती कसोटी याहून कडक आहे.

ताळेबंद
दुवा सापडला की काय होतं ते बेसबॉलमध्ये दिसलं. १९८५ च्या हिवाळ्यात डेट्रॉइटच्या कर्क गिब्सनसारख्या करारमुक्त खेळाडूला दुसऱ्या एकाही संघाने बोली लावली नाही. पुढे मालकांनी 'माहितीकोश' काढला, कोण कुणाला किती देऊ करतोय ते एकमेकांना कळवायला. लागोपाठ तीन प्रकरणांत मालक हरले आणि १९९० मध्ये २८ कोटी डॉलरवर तडजोड झाली. एकत्र येऊन वागायचं नाही, हे बेसबॉलच्या करारातलं कलम मुळात मालकांनाच हवं होतं. १९६६ मध्ये कूफॅक्स आणि ड्रायस्डेल या दोन गोलंदाजांनी जोडीने अडून पगार वाढवून घेतला, त्याचा धसका. तेच कलम पुढे मालकांवर उलटलं.

आडवाट
एक हरकत. संगनमत म्हटलं की मराठी वाचकाला चोरून केलेलं डोळ्यापुढे येतं. पोर्तुगालमध्ये एप्रिल २०२० मध्ये फुटबॉल क्लबांनी उघड ठरवलं की करोनाचं कारण देऊन करार तोडणाऱ्या खेळाडूला कोणी घ्यायचं नाही. २०२२ मध्ये तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने लीगला आणि ३१ क्लबांना मिळून १.१३ कोटी युरो दंड केला. यात चोरून काहीच नव्हतं.

पारडं
मान्य. कायद्याला गुप्ततेची गरज नाही, एकमत पुरतं. उघड प्रकारासाठी 'आपसांत ठरवून' इतकंच लिहा, ते कुठेही बसतं.

गुप्ततेचं म्हणाल तर एनएफएलचा तो निर्णय जून २०२५ पर्यंत बाहेर आलाच नव्हता. लीग आणि खेळाडूंची संघटना, दोघांनीही तो झाकून ठेवला. ज्यांच्या पगाराचा प्रश्न, त्या खेळाडूंनाही तो वाचायला मिळाला नव्हता, आणि हे मला मूळ आरोपाइतकंच गंभीर वाटतं. त्याला संगनमत म्हणू नका, हेतू एकच होता असं दाखवता येत नाही. त्याला मराठीत तयार शब्द आहे: अळीमिळी गुपचिळी.

शब्दओढ
मग असं लिहिते: 'हमी कमी करा अशी चिथावणी लीगने मालकांना दिली. मालकांनी आपसांत ठरवून तसं केलं की देखादेखीने, हे लवादापुढे ठरलं नाही.' पुढच्या परिच्छेदात अळीमिळी.

आडवाट
'मालकांना'च्या जागी 'संघांना' करा. कलमात बंधन संघांवर आहे, त्यात संघाचे नोकर आणि प्रतिनिधीही येतात.