बॉल पायथन उंदीर घेईना, कातही तुकड्यातुकड्यांत

शुक्रवार पेठ:
माझ्याकडं मादी बॉल पायथन (पाळीव अजगर) आहे, शेवंता. सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद केलेली. दिवाळीपर्यंत व्यवस्थित खात होती. पंचगंगेकडनं गार वारं सुटल्यापासून खाईना झालीय. उंदीर पुढं केला की डोकं आत ओढून वेटोळं घट्ट करते. परवा कात टाकली तीही तुकड्यातुकड्यांत. शेपटीच्या टोकाला कातीचं कडं तसंच आहे. डोळे मात्र स्वच्छ. फार काळजी लागलीय हो. तोंड उघडून भरवू का?

गारगोटीकर:
भावा, जबरदस्ती अजिबात नको. तोंडाला-घशाला इजा होईल आणि ती आणखी बिथरेल.

पेटीत रात्री किती तापमान असतं? ही जात घाना-टोगोकडची. एका बाजूला 31-32 अंश, दुसऱ्या बाजूला 25-26 लागतातच. आपल्याकडं डिसेंबरात पहाटे पारा 15 च्या आसपास येतो. अंग गार पडलं की पोटातलं पचत नाही, मग साप खायचंच टाळतो. हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) लाव, पण थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आवरणाऱ्या यंत्राशिवाय) नको, पोट भाजतं.

शेपटीचं कडं मात्र आजच बघ. तसंच राहिलं तर रक्त अडतं, टोक काळं पडून गळतं. जाडसर टॉवेल कोमट पाण्यात पिळून घे आणि तिला त्याच्या घडीतनं सरकू दे. नखानं ओढू नको. पुढच्या वेळी डोळे दुधाळ निळसर दिसले की झाकणाच्या डब्याला ती शिरेल एवढं भोक पाडून आत ओलं मॉस (शेवाळ) घालून ठेव. त्या दिवसांत ओलावा 70 टक्क्यांपर्यंत हवा आणि खायला काही देऊ नको.

शुक्रवार पेठ:
आत्ता बघितलं, उबेच्या बाजूलासुद्धा 24 च आहे. आणि उंदीर मी रोज दाखवतोय.

गारगोटीकर:
मग तेच. आधी ऊब नीट कर, आठवडाभर हातात घेऊ नको. नंतर फ्रीजरमधला उंदीर पिशवीसकट कोमट पाण्यात पूर्ण मऊ होऊ दे, शेवटी डोकं जरा जास्त गरम कर. तिच्या ओठांवरच्या खळग्यांना ती ऊब कळते. रात्री दिवे मालवून लांब चिमट्यानं धर. नाही घेतला तर मुकाट्यानं काढून घे, परत आठवड्यानंच.

कळंबा:
दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. धष्टपुष्ट मोठी मादी काही महिने न खाता राहू शकते. दहावा हिस्सा घटला, किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला, तर सापांवर उपचार करणारा डॉक्टर गाठा.

शुक्रवार पेठ:
थर्मोस्टॅट आणलाय. कडं टॉवेलात निघालं, खालची कातडी गुलाबी आहे. उंदीर केवढा घेऊ?

गारगोटीकर:
तिच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढा. पहिल्यांदा थोडा लहानच दे.