प्रार्थनेला शब्द फुटत नाहीत तेव्हा

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस, डोक्यावर कर्जाचे हप्ते, आणि प्रार्थनेला बसलं की शब्दच फुटत नाहीत, अशा वेळी प्रार्थना करायची कशी, असा प्रश्न पडतो. मग शब्द उसने घ्या. स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधलं स्तोत्रांचं पुस्तक, त्यासाठीच आहे.

स्तोत्र 13 घ्या, जेमतेम 6 वचनं. मोठ्याने वाचा. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ पुन्हापुन्हा येतं. तिथे थांबा आणि आपलं ‘कोठवर’ नाव घेऊन सांगा: रात्रीचं जागरण, 5 तारखेचा हप्ता. मोघम ‘सांभाळ, प्रभू’ इथे पुरत नाही. 3 आणि 4 मध्ये मागणं आहे. तिथे आजच्यापुरती एकच गोष्ट मागा.

चुकतं ते इथे: तक्रार गाळून लोक थेट पाचव्या वचनातल्या भरवशावर उडी मारतात, कारण देवापुढे कुरकुर म्हणजे अविश्वास वाटतो. पण ही तक्रार देवालाच सांगितलेली आहे, त्याच्याकडे पाठ फिरवून केलेली नाही. एखाद्या दिवशी पाचव्यापर्यंत पोचला नाहीत तरी उठा, कामाला लागा. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे.

आठवडाभर हेच स्तोत्र ठेवा. रोज नवं घेतलं तर तोंडात बसत नाही. पाठ झालं की रात्री 2 वाजता आजाऱ्याची कूस बदलताना पुस्तक लागत नाही.