निधीच्या अटी हेच धोरण

काही जण म्हणतात की चिनी समाजांतले सामाजिक उद्योग, म्हणजे सामाजिक हेतूसाठी चालवलेले धंदे, सगळे सरकारी कृपेवरचे, एकाच माळेचे मणी. इतकं सरसकट नको. हाँगकाँगमध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदाच नाही. धोरण चालतं निधीच्या अटींतून. २००१ पासूनच्या दिव्यांग रोजगार योजनेत बीजभांडवल हवं तर आज निम्मे तरी कर्मचारी दिव्यांग लागतात. साहजिकच संस्था कॅफे, साफसफाई, छोटी दुकानं अशा भरपूर हात लागणाऱ्या धंद्यांकडे वळल्या. तैवानमध्ये १९९९ च्या भूकंपानंतर बेकारांना काम देणाऱ्या स्थानिक संस्थांना सरकारने थेट पगाराचे पैसे दिले. माणसं मिळाली, पण अनुदान संपल्यावर त्यांचा पगार विक्रीतून निघेल का, हे कुणी आधी पाहिलं?