गावचं कौलारू घर विकायचंय, ऑनलाइन जाहिरातीसाठी फोटो आणि व्हिडिओ कसे काढावेत?

डोंबिवलीकरीण

नमस्कार. गुहागर तालुक्यात हेदवीच्या बाजूला आमचं वडिलोपार्जित घर आहे. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी आणि ओटी, मागे न्हाणीघर, विहीर, आणि भोवती नारळ-पोफळीचं लहानसं आगर. आई गेल्यापासून घर बंदच असतं. भाऊ बंगळुरूला, मी इथे. घरपट्टी भरायची आणि पावसाआधी कौलं परतून घ्यायची, यापलीकडे आमच्याने काही होत नाही. सगळ्या हिस्सेदारांनी मिळून विकायचं ठरवलंय.

दोन संकेतस्थळांवर जाहिरात टाकली आहे. चुलतभावाने मोबाइलवर फोटो काढून पाठवले. माजघर काळंकुट्ट दिसतंय, खिडकीच्या जागी नुसता पांढरा चौकोन, पडवीचे खांब एकमेकांवर कलल्यासारखे. फोन येतात, दोन प्रश्न विचारतात आणि पुन्हा कुणी फिरकत नाही. मग एका एजंटने हेच फोटो 'सुधारून' दिले. त्यात आकाश निळंशार, दारासमोरची विजेची तार गायब, आणि समुद्र जणू खळ्याला, म्हणजे पुढच्या अंगणाला, लागून! प्रत्यक्षात समुद्र चालत पंधरा मिनिटांवर आहे. मला ते बघवत नाही, पण भाऊ म्हणतो, हल्ली असंच करतात.

गणपतीला गावी जाणार आहे. मोबाइल पुरेल का? कोणत्या महिन्यात फोटो काढावेत? व्हिडिओत काय दाखवावं? ड्रोनवाल्याला बोलवावं का?

---

तांबडी माती

ताई, पहिलं काम म्हणजे ते सुधारलेले फोटो आजच काढून टाका. मी दापोलीचा. स्टुडिओ आहे, लग्नं-मुंजी करतो, आणि अलीकडे घरांचं काम बरंच येतं. मुंबईहून माणूस सहा-सात तास गाडी हाकत येतो, दारात उतरतो आणि डोक्यावर तार बघतो. त्या क्षणी त्याचं मन उठतं. मग तुम्ही सातबारा दाखवा नाहीतर आणखी काही, त्याला प्रत्येक कागदात खोट दिसायला लागते. एका तारेपायी चांगल्या घराचा सौदा मोडावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तार आहे ना, मग फोटोत दिसू दे.

मोबाइल पुरतो. मात्र काच पुसा. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत लेन्सवर बारीक थर बसतो आणि फोटो धुरकट येतो. गाडीतल्या एसीतून उतरल्याबरोबर फोटो काढू नका, काचेवर वाफ धरते. पाच-दहा मिनिटं थांबा, मऊ सुती कापडाने पुसा, मग सुरू करा.

खांब वाकडे दिसतात कारण फोन वर किंवा खाली कलवला जातो. फोन छातीच्या उंचीवर धरा, पुढे-मागे अजिबात न झुकवता. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाळीच्या रेघा चालू करा आणि खांब त्या उभ्या रेघेला लावून घ्या. छप्पर मावत नसेल तर फोन वर न करता तुम्ही मागे सरका. ०.५ वाला रुंद कॅमेरा आवर्जून टाळा. त्यात कडेच्या वस्तू ताणल्या जातात आणि एवढीशी खोली दिवाणखान्यासारखी दिसते. खोली फारच लहान असेल तर दाराबाहेर उभं राहून चौकटीतून काढा. चौकट फोटोत आली तरी चालेल, उलट खोली केवढी आहे हे त्यावरून कळतं.

आता माजघर. कौलारू घराची पागोळी खाली उतरलेली असते, म्हणून भरदुपारी बाहेर डोळे दिपतात आणि आत अंधार. त्या वेळी फोटो काढाल तर एक तरी बाजू बिघडणारच. सकाळी ऊन तापायच्या आत किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर आत-बाहेरचा उजेड जवळपास सारखा असतो, ढगाळ दिवस असेल तर फारच बरं. दिवे बंद ठेवा. पिवळा बल्ब आणि दाराचा निळसर उजेड एकत्र आले की भिंतीला डाग पडल्यासारखे दिसतात. स्क्रीनवर खिडकीच्या जवळ बोट दाबून धरा म्हणजे उजेड पक्का होतो, मग थोडा कमी-जास्त करून बघा. फोन हातात न धरता उंच स्टुलावर टेकवा आणि टायमर लावा.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. आपल्या खळ्यातली तांबडी माती ऊन परतवते आणि पडवीच्या पांढऱ्या भिंतीला गुलाबी झाक आणते. बघणाऱ्याला वाटतं, रंग जुना झालाय. त्यावर उपाय साधा. दोन स्वच्छ पांढऱ्या चादरी दारासमोर खळ्यात उन्हात अंथरा, फोटोत येणार नाहीत अशा. गुलाबी झाक जाते आणि उजेड ओटीवरून माजघराच्या दारापर्यंत पोचतो. थर्मोकोलचा मोठा तुकडा हाताशी असेल तर तो दारात तिरका उभा करून उजेड हवा त्या कोपऱ्यात फिरवता येतो. मी हे नेहमी करतो. माळ्याची लाकडी तुळई, देवळीतला दिवा, कोनाडे, सगळं नीट दिसतं. छपरात काचेचं कौल असेल तर ते आधी धुऊन घ्या. त्याच्यावर शेवाळ साचून निम्मा उजेड अडलेला असतो.

महिन्याचं म्हणाल तर मुख्य फोटो दिवाळीनंतर काढा. पाऊस गेलेला, आगर हिरवंगार, आकाश धुतलेलं, आणि भिंतीवरचं शेवाळ घासून काढलं की चिऱ्याचा मूळ रंग वर येतो. पण गणपतीला जाताय ना, तर त्या वेळी एक काम कराच. धो धो पाऊस लागला की आतून छपराचा व्हिडिओ घ्या. वाशांवरून, भिंतीच्या वरच्या कडेवरून, मोभाखालून हळूहळू. कौलांवर पावसाचा आवाज येतोय आणि खाली जमीन कोरडी आहे, हे ज्याने पाहिलं तो गळतीचा प्रश्न पुन्हा विचारणार नाही. गळत असेल तर तेही दाखवा आणि दुरुस्तीला किती खर्च येईल ते गावातल्या सुताराला विचारून लिहा. तसंच विहिरीचं. दिवाळीत विहीर सगळ्यांचीच भरलेली असते. वैशाखात किती पाणी उरतं ते दिसलं पाहिजे. मे महिन्यात गावातल्या कुणाला तरी सांगून काठावरून आत, पाण्यापर्यंत, फोटो काढून घ्या आणि खाली महिना-साल लिहा. आमच्याकडे गिऱ्हाईक पाण्याचा हा एक फोटो बघून घर बघायला यायचं ठरवतं.

---

पौडफाटा

मी खरेदीदाराच्या बाजूने लिहितो. गेल्या वर्षी आम्ही राजापूरजवळ घर घेतलं. त्याआधी बऱ्याच जाहिराती चाळल्या, आणि जवळजवळ प्रत्येकीत सूर्यास्ताचे फोटो होते, रस्त्याचा एकही नव्हता. गाडी दारापर्यंत जाते का, की पाखाडीच्या पायऱ्या उतराव्या लागतात? माझ्या वडिलांचे गुडघे दुखतात, मला दुसरं काही कळण्याआधी हे कळायला हवं होतं.

आम्ही जे घर घेतलं त्याच्या मालकांनी व्हिडिओ मुख्य रस्त्याच्या फाट्यापासून सुरू केला होता. बाजूला बसलेल्या मुलीने काचेतून शूट केलेलं आणि काका गाडी चालवत सांगत होते, "इथे डांबरी संपली, आता पुढे कच्चा, पावसात हळू यायचं, समोरून रिक्षा आली तर या वळणावर बाजूला घ्यायची." तो व्हिडिओ आम्ही घरी सगळ्यांनी मिळून दोनदा पाहिला. नकाशाही त्यांनी वहीच्या कागदावर हाताने काढला होता, प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी फुटात, उत्तर कुठे ते बाणाने, विहीर कुठे, संडास कुठे. त्याचा साधा फोटो जाहिरातीत होता.

आणखी एक. घराखालची जागा गावठाणातली आहे, बिनशेती आहे की शेतजमीन, हे पहिल्या ओळीत लिहा. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला खरेदीदार शेतकरी असावा लागतो, नाहीतर परवानगी लागते. आमच्यासारख्या बिगरशेतकऱ्यांचे निम्मे फोन याच प्रश्नापाशी संपतात.

---

रापणकार

मालवणातून लिवतंय. पावसातलो व्हिडिओ काढून ठेवाच, तां सगळ्यात मोठां काम करता.

ड्रोनबद्दल थोडं, कारण आमच्याकडे यावरून बरीच गडबड होते. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. तुम्ही पैसे देऊन बोलावताय म्हणजे धंदाच झाला, तेव्हा प्रमाणपत्र बघायला मागा. सरकारच्या 'डिजिटल स्काय' या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा हिरव्या पट्ट्यात आहे का तेही तपासा. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत मात्र जमिनीपासूनच परवानगी हवी, आणि ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांच्या वर गेलात तर. चिपी विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून परुळे-भोगवे भागातल्या लोकांना हे बघावंच लागतं. हेदवीचं नकाशावर बघून घ्या.

बाकी ड्रोनचा खरा उपयोग आगराची हद्द दाखवायला. गडगा (हद्दीची दगडी भिंत) कुठून कुठे जातो आणि शेजाऱ्याचं घर किती लांब आहे, ते वरून एका नजरेत कळतं. त्यासाठी फार उंच जायची गरज नाही, माडांच्या शेंड्यांच्या जरा वर पुरे.

---

डोंबिवलीकरीण

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! सुधारलेले फोटो काल रात्रीच काढून टाकले. भावाला हा धागा पाठवला, तोही तयार झाला.

दोन शंका. घरात आईची तांब्या-पितळेची भांडी, देव्हारा, ओटीवरचा झोपाळा आणि एक जुना शिसवी पेटारा आहे. फोटोच्या आधी सगळं हलवून घर रिकामं करावं का? आणि व्हिडिओत मी बोलावं की नुसतं संगीत टाकावं?

---

तांबडी माती

ताई, झोपाळा अजिबात हलवू नका. रिकामी ओटी केवढी आहे ते फोटोत कळत नाही, झोपाळा असला की माणसाला अंदाज येतो आणि तिथे बसावंसं वाटतं. कड्या मात्र घासून घ्या. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दोरीवरचे कपडे, जुनी कॅलेंडरं, गॅसची नळी, औषधांच्या बाटल्या, हे सगळं बाजूला करा. जमीन शेणाने सारवायची असेल तर आदल्या दिवशी सारवा, ओली असताना फोटोत ठिपके-ठिपके दिसतात. देव्हाऱ्यातले देव आधी तुमच्या घरी न्या आणि मगच देवघराचा फोटो काढा. घर कुणाच्याही हाती जाणार असलं तरी आपले देव जाहिरातीत नकोत, असं माझं मत.

भांडी आणि पेटारा याबाबत कडक राहा. घर बंद असतं, आणि जुन्या पितळेला, शिसवीला, कोरलेल्या दारांना बाजारात भाव आहे. फोटो टाकण्याआधी या वस्तू तिथून हलवा. मोबाइल फोटोच्या आत जागेचा पत्ताही नोंदवून ठेवतो, तो कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून बंद करा. जाहिरातीत गाव लिहा, वाडी आणि नेमकी खूण फोनवर बोलणं झाल्यावर सांगा. प्रत्येक फोटोच्या मधोमध फिकट अक्षरात 'मालकाकडून थेट विक्री' एवढं तरी टाका. दुसऱ्याचे फोटो उचलून, आपलंच घर असल्याचं भासवून टोकन उकळणारे लोक आहेत. कोपऱ्यात लिहिलंत तर ते कापून टाकतात.

व्हिडिओत तुम्हीच बोला. त्या घरात वाढलेल्या माणसाचा आवाज संगीतापेक्षा केव्हाही चांगला. पण चालताना बोलू नका, समुद्राच्या वाऱ्याने माइकमध्ये नुसती घोंघों येते. आधी शूट करा, मग दार लावून खोलीत बसून आवाज घ्या आणि जोडा. प्रत्येक जागी फोन आडवा धरून पाच-सहा सेकंद स्थिर उभ्या राहा, मग पुढच्या जागी जा. घरभर फोन गरगर फिरवला की बघणाऱ्याला भोवळ येते. आत ट्यूब किंवा एलईडी लावून शूट करणार असाल आणि पडद्यावर पट्टे सरकताना दिसले, तर सेटिंगमध्ये ३० ऐवजी २५ फ्रेम निवडा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्याशी ते जुळतं. तीन मिनिटांत आटपा. फाटा, रस्ता, खळं, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणीघर, विहीर, आगर, गडगा, आणि शेवटी घरापासून किनाऱ्याकडे जाणारी वाट. ती पंधरा मिनिटांची आहे असं स्वतःच्या तोंडाने सांगा. पंधरा मिनिटं चालून समुद्र गाठता येतो ही काही लपवायची गोष्ट नव्हे, तेवढ्यासाठी लोक मुंबईहून पैसे मोजून येतात.

फोटो पंधरा-वीस पुरेत. पहिला फोटो समोरून, खळं आणि छप्पर दोन्ही येतील असा. दुसरा रस्त्याचा. भावाला पाठवताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर सगळी मेहनत दाबून बारीक होते.

आणि चुलतभावाला रागावू नका, तो गावात आहे म्हणून वैशाखात विहिरीचा फोटो मिळणार आहे. गणपतीत पडवीचा एक फोटो काढून इथे टाका, खांब अजून कलत असतील तर कुठे उभं राहायचं ते सांगतो.